तिसऱ्या काचेचं सरळ व्याज

जगात प्रश्नांचे दोन प्रकार असतात. काही प्रश्न आपल्याला पडतात आणि काही आपल्यावर पाडले जातात. मुलीची दहावी, डोक्यावरचे विरळ होत चाललेले केस आणि महिन्याची पंचवीस तारीख हे पहिल्या प्रकारात मोडतात. घराच्या खिडकीला दुहेरी काच लावावी की तिहेरी, हा मात्र निखळ दुसऱ्या प्रकारातला प्रश्न. पुण्यात जन्मलेल्या माणसाला तो आपण होऊन पडणं शक्यच नाही. आमच्याकडे खिडकीबाबत पिढ्यान्‌पिढ्या एकच शंका चालत आली आहे : समोरच्याचं आपल्याला जेवढं दिसतं, तेवढंच आपलं समोरच्याला दिसत असेल का?

असं असूनही गेले दोन महिने आमची सोसायटी या प्रश्नाने पछाडली आहे. इमारत रस्त्याला लागून. खिडक्यांच्या जुन्या लाकडी चौकटी निम्म्या कुजल्या, काही वाळवीने संपवल्या आणि उरलेल्या केवळ रंगाच्या थरांवर उभ्या आहेत. तेव्हा सगळ्यांनी एकदमच नव्या खिडक्या बसवाव्यात, म्हणजे इमारत एकसारखी दिसेल, असं ठरलं. इथवर माझी तक्रार नव्हती. पण पुढच्या मीटिंगला चेअरमनसाहेबांनी एका खिडकीवाल्या कंपनीचा तरुण बोलावला आणि त्याने लॅपटॉप उघडून पहिल्याच वाक्यात मला विचारलं, “काका, डबल ग्लेझिंग की ट्रिपल ग्लेझिंग?”

एकेरीचं नावच नाही! हॉटेलातला पोऱ्या “स्पेशल की साधा?” विचारतो आणि मुळात चहा हवा का हे विचारतच नाही, त्यातली गत. आणि “काका” म्हणाला, तेही मी ऐकून घेतलं.

मी बँकेत कारकून आहे. हल्ली या पदाला लांबलचक इंग्रजी नाव मिळालं आहे. पण काउंटर तोच, खुर्ची तीच आणि दोरीने बांधलेलं पेनही तेच. शिक्षण बी. कॉम. पदार्थविज्ञानाशी माझे संबंध दहावीनंतर परस्परसंमतीने संपले. पण वीस वर्षं लोकांची कर्जं पाहिल्यामुळे एक गोष्ट मला कळते. माणसाला “किती हवंय?” असं विचारलं की “हवंय का?” हा प्रश्न तो विसरतो. पर्सनल लोनचं अख्खं शास्त्र एवढ्या एका विसरण्यावर उभं आहे. म्हणून मी तिसऱ्या काचेच्या विरोधात उभा राहिलो आहे, आणि येत्या रविवारी मतदान आहे म्हणून हा हिशेब लेखी मांडतो आहे.

आधी उष्णता. खिडकीतून उष्णता आत-बाहेर किती जाते, याचं सूत्र मी त्या तरुणाच्याच माहितीपत्रकात वाचलं आणि मला शाळेतला मित्र भेटल्यासारखं झालं. मंडळी, हे तर आपलं सरळ व्याज! आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक म्हणजे मुद्दल. काचेचा जो ‘यू’ नावाचा आकडा असतो, तो व्याजाचा दर. किती तास, ही मुदत. गुणाकार करा, खिडकीच्या क्षेत्रफळाने पुन्हा गुणा, झालं काम. साध्या एकेरी काचेचा दर सुमारे ५.८, साध्या दुहेरीचा २.८ आणि साध्या तिहेरीचा १.९ च्या आसपास. विशिष्ट लेप आणि वायू भरून हे दर आणखी खाली आणता येतात. म्हणजे एकेरीवरून दुहेरीवर गेलं की दर तीनाने उतरतो, पण दुहेरीवरून तिहेरीवर गेलं की जेमतेम ०.९ ने. पहिल्या उडीत बराचसा फायदा पदरात पडतो. दुसऱ्या उडीत उरलंसुरलं वेचायचं असतं.

आता मुद्दल बघू. माझ्या बेडरूमची खिडकी दीड मीटर बाय एक पूर्णांक दोन मीटर, म्हणजे १.८ चौरस मीटर. मे महिना. आत एसी लावून २६ अंश ठेवलं आणि बाहेर रात्रभर ३२ अंश राहिलं असं उदारपणे धरतो. उदारपणे अशासाठी की पुण्यात मेमध्येसुद्धा पहाटेपर्यंत हवा बरीच उतरते. फरक सहा अंशांचा, वेळ आठ तास, दिवस तीस. तिसऱ्या काचेने अडवलेली उष्णता महिन्याला २.३ युनिट. एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे विजेची बचत झाली पाऊण युनिट. महिनाभरात! हे ऐकल्यावर आमची ही म्हणाली, “अहो, गीझरचं बटन विसरता त्याचं काय?” हा मुद्दा विषयाला सोडून होता, म्हणून मी तो कामकाजातून वगळला.

हेच गणित स्टॉकहोमला करून बघा. तिथे आमचे साडू राहतात. जानेवारीत घरात २१, बाहेर सरासरी उणे दोनच्या आसपास. फरक तेवीस अंशांचा, आणि मुदत रोज चोवीस तास. तेवढीच खिडकी, तीच तिसरी काच महिन्याला जवळजवळ सत्तावीस युनिट उष्णता वाचवते, आणि असे थंड महिने त्यांच्याकडे एकामागून एक येतात. साडू व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “तिसरी काच घ्याच, आमच्याकडे सगळ्यांकडे असते.” ते बरोबरच सांगताहेत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्या देशाने घरांतली उष्णता राखण्याचे नियम फार कडक केले आणि लोकांनी काचा वाढवल्या. त्यांचं मुद्दल मोठं आहे, मुदत मोठी आहे, त्यांनी दर खाली आणण्यासाठी जिवाचा आटापिटा करावा. आपल्या खात्यात मुद्दलच नाही, तर दरावरून मॅनेजरशी कशाला भांडायचं? स्टॉकहोमला लोकरीची कानटोपीही सगळ्यांकडे असते. म्हणून मी ती घालून मेमध्ये लक्ष्मी रोडला जात नाही.

यावर तो तरुण म्हणाला, “पण सर, ऊन?” (काकाचा सर झाला होता, हिशेबाचा परिणाम.) ऊन हे मात्र त्याने स्वतःच्याच पायावर पाडून घेतलेलं पाटाचं लाकूड. उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीवर दुपारनंतर चौरस मीटरला पाच-सहाशे वॅट ऊन सहज पडतं. माझ्या खिडकीवर हजारएक वॅट झाले. साधी दुहेरी काच त्यातले सात-साडेसातशे आत सोडते आणि साधी तिहेरी त्याहून थोडेसेच कमी. म्हणजे दुपारभर खोलीत एक इस्त्री चालू ठेवली आहे असं समजा. शिवाय काचेचा स्वभाव आमच्या कर्जखात्यासारखा : येताना सगळ्याला मोकळी वाट, जाताना अडवणूक. उजेड आत येतो, भिंती-फरशी तापवतो आणि तीच उष्णता बाहेर जायला निघाली की काच तिला अडवते. ऊन काचेला लागायच्या आत, बाहेरच अडवावं लागतं. दक्षिणेला छज्जा चालतो. पश्चिमेला ऊन तिरपं येतं, तिथे बाहेरून बांबूची चिक हवी. आपल्या आज्या वाळ्याचे पडदे बाहेरच्या बाजूला लावून त्यावर पाणी मारत. गोव्याच्या जुन्या घरांत खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असत, उजेड गाळून घेणारी. ऊन परतवणारा लेप दिलेल्या काचाही मिळतात, त्या खरोखर उपयोगी असतात. पण त्यासाठी काचा तीनच पाहिजेत असं कुठे आहे? उपयोग लेपाचा, बिल काचेचं!

दोन काचांच्या मधे काय असतं, हेही सांगून टाकतो, कारण आमच्या मीटिंगमध्ये त्याचं फार कौतुक झालं. असते कोंडलेली सुकी हवा. पेटंट जुनं आहे; स्टेट्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ते १८६५ सालीच घेतलं. महागड्या खिडकीत हवेऐवजी आर्गॉन भरतात. हा वायू रॅले आणि रॅम्से या दोन शास्त्रज्ञांनी १८९४ साली शोधला आणि तो कशाशीच कसलीच क्रिया करत नाही हे पाहून त्याचं नाव ग्रीक भाषेत ‘आळशी’ असं ठेवलं. म्हणजे तिहेरी खिडकीत तुम्ही दोन कप्प्यांत दोन आळशी भरण्याचे पैसे देता. आपण रोज जी हवा घेतो, तिच्यात जवळजवळ एक टक्का आर्गॉन फुकट असतो. आणि आळशी माणसं जागच्या जागी बसवून ठेवण्याचा खर्च किती येतो, हे मला कोणी सांगायला नको. मी ऑफिसात रोज पाहतो.

वजनाचंही विसरू नका. चार मिलिमीटरच्या तीन काचा म्हणजे माझ्या एका खिडकीत चोपन्न किलो नुसती काच, चौकट वेगळी. बिजागरीला एक कारकून टांगल्यासारखं. पुढे कडेचं सील गेलं की मधे बाष्प शिरतं आणि आतून धुकं धरतं. ते पुसायला तिथे हात जात नाही. ती काच अख्खी बदलावी लागते. आमच्याकडे सध्या खिडकी धुरकट झाली की ओलं वर्तमानपत्र फिरवतात.

आता खरी गोष्ट. आवाज. इथे मात्र मी थट्टा जरा बाजूला ठेवतो, कारण आमच्या सोसायटीत काचेचा विषय निघाला तो उष्णतेमुळे नव्हेच. खाली रस्ता आहे, सिग्नल आहे, आणि सिग्नल हिरवा होण्याच्या आधी अर्धा सेकंद हॉर्न वाजवणं हा जन्मसिद्ध हक्क मानणारे नागरिक आहेत. मुलगी दहावीला आहे. परवा एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसानिमित्त चौकात भिंत उभी केली होती. विटांची नव्हे, स्पीकरची. मुलगी कानात कापूस घालून प्रमेयं पाठ करत होती. “अगं, झोप आता,” म्हटलं तर म्हणाली, “बाबा, झोपू कशी?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा आवाजाने माणूस हैराण होत नाही, असं म्हणणारा मी नव्हे. मी रस्त्यावरच्याच फ्लॅटमध्ये राहतो, मागच्या बाजूच्या नाही.

खिडकीवाल्याने मीटिंगमध्ये प्रयोग करून दाखवला. वाजतं घड्याळ तीन काचांच्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं, आवाज गप्प. टाळ्या पडल्या. मी विचारलं, “डब्यात राहायला कोण जाणार आहे?” टाळ्या पडल्या नाहीत. पण प्रश्न चुकीचा नव्हता. सारख्या जाडीच्या तीन पातळ काचा आवाज अडवण्यात दोन काचांपेक्षा फारशा पुढे नसतात. किंबहुना चार-चार मिलिमीटरच्या साध्या दोन काचा एका सहा मिलिमीटरच्या जाड काचेपेक्षाही फार काही जास्त करत नाहीत. कारण मधली फट लहान असली की ढोल, स्पीकरचा धबधबा, बसचं इंजिन अशा खालच्या पट्टीतल्या आवाजाला दोन्ही काचा मिळून साथ देतात. आवाजाला हवी जाडी, दोन काचांच्या जाडीत फरक, मधे चिकट पडदा घातलेली लॅमिनेटेड काच आणि घट्ट रबर. सरकत्या खिडकीच्या ब्रशातून आवाज आत येतोच. बोटभर फट राहिली तर तीन काचा काय, तेरा काचा घ्या. सगळ्यांत स्वस्त उपाय त्या तरुणाने सांगितलाच नाही, कारण त्यात त्याला विकायला कमी उरतं. जुनी खिडकी दुरुस्त करून तिच्या आत, वीतभर नाही तर निदान चार-पाच इंच अंतरावर, घट्ट बसणारी दुसरी साधी खिडकी बसवायची. मधे अंतर जास्त, म्हणून आवाज जास्त अडतो. भिंत जाड असेल तर जागा आयती मिळते.

आणि समजा, तिहेरी काच लावून सगळं घट्ट बंद केलं. मग हवा? साडूंच्या घरात ताजी हवा आत-बाहेर करणारं वेगळं यंत्र असतं. घट्ट खिडकी आणि ते यंत्र ही जोडी आहे. आमच्याकडे जोडीतलं अर्धंच विकायला आणलं आहे. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा गार करून परत देतो, नवी आणत नाही. चार माणसं रात्रभर एकमेकांचे श्वास पुनर्वापरात घेणार आणि सकाळी डोकं जड का म्हणून डॉक्टरकडे जाणार.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी बसतात. कोणती बस उशिरा आली, भाजीवालीची मेथी आज कशी आहे, समोरच्या शाळेचा गेट किती वाजता लागला, हे सगळं त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. काचांचा विषय त्यांच्यापुढे काढला तेव्हा ते म्हणाले, “मला कशाला हवी तिसरी काच? माझी माझ्याकडे आहे,” आणि कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. पुढची दहा मिनिटं त्यांनी आमचं कोणाचंच ऐकलं नाही. पण भाजीवाली खालून “आजोबा!” म्हणून ओरडते, तेव्हा हेच गृहस्थ यंत्र लावायची वाट न पाहता टोपली सोडतात. बंद काचेतून टोपली सोडता येत नाही, एवढं तरी कंपनीने मान्य करावं.

पण माझा सगळ्यात मोठा विरोध वेगळाच आहे. आवाजाविरुद्ध या देशात कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे सगळं उचलून धरलं. २०१० च्या दुरुस्तीनंतर रहिवासी भागात रात्री कारण नसताना हॉर्न वाजवणंसुद्धा मना आहे. म्हणजे शांतता आपल्या नावावर जमा आहे, फक्त पासबुकात नोंद होत नाही. आणि आपण काय करतो? आपलीच ठेव मागायला न जाता तेवढीच रक्कम कर्जाऊ काढून काच लावतो! बँकेत असा ग्राहक आला तर आम्ही त्याला पाणी देऊन बसवू.

बरं, काच कोणाला परवडते? चेअरमनसाहेबांना, मला कर्ज काढून, समोरच्या डॉक्टरांना. ज्यांनी फोन केला तर चौकीवर निदान उचलला जातो, त्याच माणसांना. हीच मंडळी एकदा काचेआड गप्प बसली की मग खाली उरतं कोण? फाटकावरचा वॉचमन, भाजीवाली, सिग्नलवर दिवसभर उभा असलेला वाहतूक पोलीस आणि मागच्या वस्तीतली दहावीची मुलं. परीक्षा त्यांचीही आहे. आवाज तेवढाच राहणार. फक्त त्याची तक्रार करू शकणारे कान कमी होणार. आपण विहिरीचं पाणी साफ करायचं सोडून फिल्टर घेतले, रस्ता दुरुस्त करायचा सोडून उंच गाड्या घेतल्या, आता कान बंद करायला काचा घेणार. तिसरी काच लावली की आवाजाला आपण आमच्यापुरती कर्जमाफीच देऊन टाकतो.

कोणी म्हणेल, तक्रारी करून काय होतं? परवा त्या वाढदिवसाच्या रात्री सव्वादहाला मी ११२ क्रमांक लावला. पहिल्यांदा पत्ता विचारला. दुसऱ्यांदा पुन्हा पत्ता विचारला. मग शेजारच्या चौघांना उठवून चौघांकडून फोन करवले. चाळीस मिनिटांनी गाडी आली, आवाज बंद झाला. फार मोठा विजय नव्हे. नेत्यांनाही तोवर झोप आली असावी. पण मुलगी अकराला झोपली, आणि तिच्याबरोबर मागच्या वस्तीतली पोरंही झोपली असणार. एकाही काचेने ती झोपली नसती.

तेव्हा रविवारच्या मीटिंगला माझी उपसूचना अशी. कुजलेल्या चौकटी बदलाव्यात, त्याला पूर्ण पाठिंबा. रस्त्याकडच्या झोपायच्या खोलीला ज्याला हवी त्याने जाड लॅमिनेटेड काचेची किंवा आतून दुसरी खिडकी बसवावी. ती उघडता आली पाहिजे, आणि जाळी असावी, कारण डास दोन्ही प्रकारच्या मतदारांना चावतात. दक्षिणेला छज्जा, पश्चिमेला चिक. दुहेरी आणि तिहेरीच्या दरातला जो फरक वाचेल, त्यातला थोडा सोसायटीच्या खात्यात जमा करून एक डेसिबल मोजायचं साधं यंत्र घ्यावं आणि रात्री दहानंतर कोण फोन करणार याची पाळी लावावी. पहिला आठवडा मी घेतो.

चेअरमनसाहेबांचा आग्रहच असेल, तर त्यांनी आपल्या घराला तीन काय, पाच काचा लावाव्यात. माझ्यापुरत्या मला दोनच पुरतात आणि त्या चष्म्यात आहेत. तिसरी बसवायला नाकावर जागा नाही.